हातभर दोरा

"अहो, दोरा दातांनी तोडू नका."

ॲप्रनचं तुटलेलं बटण लावून मी सवयीने दोऱ्याला दात लावले, तोच काउंटरपलीकडून हे वाक्य आलं. बोलणारे होते ॲप्रनचे मालक, आमच्या शिवणाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर नव्याने आलेले दातांचे डॉक्टर. माझ्याच दुकानात मला शिकवतात! चांगली खरमरीत उत्तरं तयार होती, पण वर बघितलं आणि... रागवायचं राहूनच गेलं. माझ्या दातांकडे इतक्या काळजीने आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"पुढच्या दाताला खाच पडलीय," ते म्हणाले. "एकदा वर या."

"दात दाखवायला?"

"मग काय, मापं घ्यायला?"

खाच किरकोळ निघाली, पण हिरड्यांतून रक्त येत होतं. त्यांनी बारीक दोऱ्याची एक डबी माझ्या हातात ठेवली. "हातभर दोरा घ्यायचा, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळायचा. दातांच्या फटीत हळूच उतरवायचा, आणि मग दाताला कवेत घ्यायचं..." इथे ते अडखळले. कान लाल झाले. "म्हणजे—दोऱ्याने. रोज झोपण्याआधी. पंधरा दिवसांनी दाखवा."

मी इमानेइतबारे केलं. दहाव्या दिवशी रक्त थांबलं. हिरड्या बऱ्या झाल्यावर मला वर कोण बोलावणार? ॲप्रनची बटणं काही रोज तुटत नाहीत. मी डबी खणात मागे ढकलून दिली.

पंधराव्या दिवशी थोडं रक्त आलं. त्यांनी पुढची तारीख दिली. त्यानंतरही दिली. असे तीन महिने गेले. वर त्यांचं चाकाचं स्टूल सरकलं की खाली माझं मशीन आपोआप थांबायचं. दोन तारखांमधले दिवस सरता सरत नसत.

"दुखणं नक्की दातांचंच ना?" शेजारच्या मशीनवरून वहिनीने विचारलं.

"वहिनी, बाही उलटी लावताय."

"बाही सुलटीच आहे. तुझंच काहीतरी उलटंसुलटं चाललंय."

सहाव्या खेपेला ते हसले नाहीत. आरसा ट्रेमध्ये ठेवून त्यांनी कागद ओढला. "तुम्हाला दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवतो. माझ्या सांगण्याचा काही उपयोग होत नाहीये."

चिठ्ठीची पहिली ओळ झाली, दुसरी सुरू झाली.

"नका लिहू," मी म्हणाले. "उपयोग झाला होता. मीच सोडलं... बऱ्या झाल्या असत्या तर तुम्ही बोलावलं नसतं."

पेन थांबलं.

"पेशंटला काही गोष्टी विचारता येत नाहीत," ते हळूच म्हणाले. "तीन महिने मी तुमच्या हिरड्या बऱ्या व्हायची वाट बघतोय."

म्हणजे तीन महिने मी आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेत होते! हसावं की रडावं, कळेना.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"रोज केलंत तर पंधरा. आणि मध्ये येऊ नका."

तसे पंधरा दिवस वैऱ्यावरही येऊ नयेत. स्टूल सरकायचं, जिन्यात पावलं वाजायची, आणि मी मान खाली घालून शिवत बसायचे. शाळेच्या गणवेशांची घाई होती, हात भरून यायचे, तरी झोपण्याआधी आरशासमोर उभी राहायचे. एकही फट सोडली नाही, अगदी अक्कलदाढेमागची जागासुद्धा. आधी रक्त यायचं, मग नुसता गुलाबी डाग, मग तोही नाही.

सोळाव्या दिवशी त्यांनी माझ्या दोन्ही गालांत कापूस ठेवला आणि एकेक दात तपासला. रक्ताचा थेंबही नाही. कार्डावर पुढच्या तारखेच्या जागी त्यांनी लिहिलं, 'गरज नाही.' मग हातमोजे काढले.

"आता तुम्ही माझ्या पेशंट नाही," ते म्हणाले. "आता... विचारू?"

इतके दिवस घोकून ठेवलेलं सगळं तोंडात आलं, पण तोंडात कापूस होता. मी होकाराची मान हलवली. त्यांना नीट कळावं म्हणून पुन्हा हलवली, आणि कापूस काढायचं त्यांच्या लक्षात येईपर्यंत हलवतच राहिले.