मोहरीएवढी गोळी

शालूने श्रावणला वच्छलाच्या मांडीवरून ओढून घेतले आणि म्हणाली, "तुमाले लेकरू नाही, म्हणून माह्यं खाऊन राहिल्या का, जाऊबाई?"

वच्छला त्या घरची थोरली सून, नवरा जाऊन नऊ वर्षे झालेली, कूस रिकामी… सहा महिन्यांचा पुतण्या मान धरत नव्हता, कुशीवर वळत नव्हता, दूध ओढता ओढता डोळे मिटत होता, मग नजर लावणारी दुसरी कोण सापडणार! चुलीपाशी सासू दुर्गाबाई मान खाली घालून बसली होती.

खरे काय ते वच्छला आणि दुर्गाबाई या दोघींनाच ठाऊक होते. घरच्या बाया दिवस उगवताच कापूस वेचायला जात आणि पोर दुर्गाबाईजवळ राही. आदल्या दिवशी अंगात ताप भरला म्हणून वच्छला दुपारीच परतली, तेव्हा सासू दुधात अफूची गोळी उगाळत होती, मोहरीएवढी. पोर निजले की म्हातारीला कामे उरकता येत.

"माह्या सातही लेकरायले मी हेच देल्लं," दुर्गाबाई म्हणाली. त्या सातांतले दोनच वाढले होते.

अशी पोरे गुंगीत उपाशी राहतात, हे तिवशाच्या नर्सबाईने बाजारात सांगितलेले वच्छलाने ऐकले होते. पण सासूचे नाव घ्यायला तिची जीभ रेटेना. विधवा सुनेला माहेरी धाडा, असे सारे गाव म्हणत असताना याच दुर्गाबाईने तिला पोटाशी धरले होते. म्हणून शालू पाण्याला गेल्यावर ती सासूजवळ बसली.

"आत्याबाई, नजर माहीच म्हणू द्या. मी अकोटले भावाकडं जातो. तुमी फक्त गोळी बंद करा. पोराच्या डोक्यावर हात ठेवा."

दुर्गाबाईने हात ठेवला.

गोळी सुटली तसा श्रावण आठ दिवस किंचाळला. नजर निघून राहिली, असे बाया म्हणाल्या. मग तो दूध ओढू लागला, मान सावरली, होळीला बसला, जेठात भिंत धरून उभा राहिला. वच्छला गेली अन् पोर फुलले, असे जो तो म्हणे, आणि ते बोलणे दुर्गाबाईच्या घशाखाली अन्न उतरू देईना… एके सकाळी तिने लेकासुनेपुढे सगळे सांगून टाकले. शालू ऐकत राहिली, मग पोराला काखेत घेऊन निघाली. सासू मागे.

अकोटला एस.टी.तून उतरून दोघी वच्छलाच्या भावाच्या ओट्याशी आल्या.

"गोळी मी देत होती, हे आता घरात सगळ्यायले ठाऊक हाये," दुर्गाबाई म्हणाली.

शालूने पाय धरले. वच्छलाने तिला उठवून एवढेच विचारले, दात किती आले? चार, शालू म्हणाली, अन् आता भाकर मागते.

वच्छलाने हात पुढे केले. श्रावणने तिच्याकडे टक लावून पाहिले, ओठ काढला आणि आईच्या गळ्याला मिठी मारून असे भोकाड पसरले की शेजारपाजार दारात आला.

"ओयखत नाही तुमाले," शालू ओशाळून म्हणाली.

वच्छलाला हसू आले आणि डोळेही वाहू लागले. सहा महिने ज्याच्या तोंडून धड हुंदका निघाला नव्हता, त्याला आता आपले कोण आणि परके कोण, हे कळत होते…

"रडू दे त्याले," ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "होईन ओयख. परतीची गाडी किती वाजता हाये?"