कपाटातला रियाज

यातलं काहीच मी रचलेलं नाही. मला रचता येत असतं, तर शेवट वेगळा केला असता.

हे रात्री घडलेलं नाही. दुपारी घडलं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, झोपायच्या खोलीत, पडदे ओढलेले असताना. माझी रात्र दुपारीच असते. सव्वीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीला आहे. सकाळी घरी यायचं, खायचं, आडवं व्हायचं. पाचला उठायचं.

माझी बायको सॅक्सोफोन वाजवायची. जॅझ.

लग्नाआधी ती समारंभांत वाजवणाऱ्या एका बँडमध्ये होती. रेकॉर्डवर ऐकलेलं जसंच्या तसं काढायची. जोरात, भराभर. लोक खूश. बँडमास्तर मात्र वैतागायचे. "पोरी, ही नक्कल झाली. तू कुठे आहेस यात?"

ती घरी जाऊन रडायची. तिनंच मला सांगितलं होतं.

लग्न झालं आणि पंचाईत झाली. दिवसा मी झोपलेला, रात्री शेजारी झोपलेले. रियाज करायचा कधी? तिनं तोड काढली. पलंगापासून चार पावलांवर आमचं लाकडी कपाट. कोट, स्वेटर, जुन्या शाली, खच्चून भरलेलं. त्याची दारं उघडायची, समोर स्टूल घ्यायचं, सॅक्सोफोनचा भोंगा कपड्यांत खुपसायचा आणि अगदी हलकं फुंकायचं. मी झोपेत असताना. रोज.

मी म्हणायचो, "अगं, मोकळेपणानं वाजव. मी मेल्यासारखा झोपतो."

"मेल्यासारखं कुठलं? ट्रॅक्टरसारखं."

तीन-चार वर्षांत तिचं वाजवणं बदललं. सूर कमी, श्वास जास्त. चाल मध्येच सोडायची, थांबायची, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना पुन्हा उचलायची. बँडमास्तर म्हणाले, "आता डोळे मिटूनही तुला ओळखेन." सोबतच्यांनी तिचं नावच ठेवलं, फुंकर. मग तिची स्वतःची चौकडी झाली. दोन रेकॉर्डी निघाल्या. दुसऱ्या शहरांतून बोलावणी आली. जाणकारांनी तिच्या त्या थांबण्यावर लेख लिहिले. मला त्यातलं फार कळायचं नाही. लेख छापून मात्र मीच काढायचो.

मागच्या वर्षी, एका मंगळवारी, पाचला उठलो तर ती स्टुलापाशी जमिनीवर होती. सॅक्सोफोन शेजारी गालिच्यावर नीट ठेवलेला. पडलेला नाही. ठेवलेला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, पंधरा-वीस मिनिटं तरी त्रास झाला असणार.

मी चार पावलांवर होतो. घोरत होतो.

तिनं हाक मारली असेल का? आणि मला ऐकू आली नसेल?

एवढंच मला हवं होतं. बाकी काही नको. पण विचारणार कुणाला?

सॅक्सोफोन मी चौकडीतल्या ड्रमवाल्याला देऊन टाकला. तो तिला ताई म्हणायचा, मला भावोजी. तिसऱ्या महिन्यात मेहुणी आली आणि कपाटातले सगळे कपडे बांधून घेऊन गेली. कपाट रिकामं झालं.

आठवड्याभरात खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या.

"भाऊ, शिकताय वाटतं? बरंय. मन रमतं."

"काय शिकतोय?"

"वहिनींचा तो बाजा हो. मोठ्यानं नाही वाजवत तुम्ही. पण दुपारी पंखा बंद केला की येतो ऐकू..."

मी म्हटलं, काकू, बाजा घरात नाही.

त्या हसल्या. मग माझ्याकडे नीट बघितलं... आणि हसायच्या थांबल्या.

त्या दुपारी मी डोळे मिटून नुसता पडून राहिलो. दोन वाजले. तीन. चार.

काही नाही.

दुसऱ्या दिवशीही काही नाही. तिसऱ्या दिवशी मात्र डोळा लागला. संध्याकाळी काकू दारात. "भाऊ, आज वाजलं."

मी जागा असलो की वाजत नाही. झोपलो की वाजतं.

मग मी मोबाईल उशाशी ठेवला. रेकॉर्डिंग सुरू केलं आणि झोपलो.

उठून ऐकलं. आधी नुसतं माझं घोरणं. वीस मिनिटं तेच. लाज वाटली.

मग... कपाटाची कडी.

मग स्टूल सरकल्याचा आवाज. स्टूल मी केव्हाच माळ्यावर टाकलं होतं.

मग फुंक.

ती होती. यात माझी चूक होणार नाही. मी सुरांतला नाही, पण तिचा श्वास ओळखतो.

मध्ये मी कूस बदलली, पलंग करकरला. वाजणं तिथंच तुटलं. बराच वेळ शांतता... मी पुन्हा घोरायला लागल्यावर हळूच पुढे सुरू झालं.

ड्रमवाल्याला बोलावलं. काही न सांगता ऐकवलं. त्यानं हातातला कप खाली ठेवला.

"ही चाल ताईंनी कधीच वाजवली नव्हती, भावोजी. ही नवी आहे."

मग तो सवयीनं टेबलावर बोटांनी ठेका मोजायला लागला. एकदा मोजला. पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा मोजला.

"भावोजी..."

"काय?"

"वीस वर्षं आम्ही डोकं फोडलं. ताई कधी साडेपाच मात्रांवर थांबायच्या, कधी सातवर. हिशोबच लागायचा नाही. कुणी लिहिलं, हा समुद्राचा ताल. कुणी लिहिलं, हे जुनं दुःख..." तो हसत होता आणि डोळे पुसत होता. "हे तुमचं घोरणं आहे हो. तुम्ही घोरता तेव्हा त्या वाजवतात. तुम्ही श्वास सोडता तेव्हा थांबतात. तुमच्या आवाजाखाली आवाज लपवायच्या त्या."

तिची जुनी रेकॉर्ड लावून पाहिली. तीच मापं.

लोक जिला तिची शैली म्हणत होते, ती मला जाग येऊ नये म्हणून होती. आणि हे तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही.

त्यानंतर मी रोज झोपायच्या आधी कपाटाची दारं उघडून तिथं उभा राहायचो. मोठ्यानं विचारायचो, "हाक मारली होतीस का गं?"

रोज रेकॉर्डिंग ऐकायचो. उत्तर नाही. नुसता रियाज. ती नवी चाल रोज थोडी पुढे जायची. एखादी जागा चुकायची, पुन्हा घ्यायची. दोन महिने असे गेले. कामावर जाताना कानात तेच लावून जायचो.

तो गुरुवार होता.

मला जाग आली ती दार बडवल्यानं. मी पलंगावर ताठ बसलो होतो. घामानं भिजलेला. छातीत कळ. तोंडानं हवा ओढत होतो, बुडता माणूस ओढतो तशी.

दारात काकू. चेहरा पांढरा. "भाऊ, काय झालं? केवढा मोठा आवाज! माझ्या काचा हादरल्या!"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

रेकॉर्डिंग लावलं. काकूंसमोरच.

घोरणं. चाल. घोरणं. चाल.

मग माझं घोरणं थांबलं.

ती थांबली.

मी पुन्हा श्वास घेईन म्हणून ती वाट बघत होती... मी घेतला नाही. मी सेकंद मोजले. दहा. वीस. तीस.

मग पावलं. एक... दोन... तीन... चार.

मोबाईल उशाशी होता. अगदी त्याच्याजवळ कुणीतरी लांब, पूर्ण श्वास भरला.

आणि एकच सूर. छाती फोडून काढलेला. आयुष्यभर तिनं इतक्या जोरात कधी वाजवलं नव्हतं. मोबाईलचा आवाज फाटला. काकूंनी कानांवर हात ठेवले.

त्याच्यामागे माझी धाप. मी श्वास घेत होतो.

डॉक्टर म्हणाले, झोपेत काहींचा श्वास अडकतो. वेळेवर जाग आली, नशीब. आता मी नाकाला यंत्र लावून झोपतो. घोरत नाही. रेकॉर्डिंग रोज करतो. त्यात यंत्राची सूं सूं असते, बाकी काही नसतं. ती नवी चाल अर्धीच राहिली.

ड्रमवाला समजूत घालतो. "ताईंनी वाचवलं तुम्हाला. आता तरी शांत व्हा."

कसा होऊ?

मला हवं ते उत्तर मिळालं. मेलेल्या माणसाला चार पावलं चालून येता आलं. मला उठवेल असा आवाज काढता आला. मग त्या मंगळवारी तर ती जिवंत होती. हातात सॅक्सोफोन होता. पंधरा-वीस मिनिटं होती. एकदा जोरात फुंकलं असतं तरी पुरे होतं.

तिनं सॅक्सोफोन आवाज न करता खाली ठेवला.

आदल्या रात्री मशीन बिघडलं होतं. मी दुप्पट काम करून आलो होतो. झोपताना तिला म्हणालो होतो, "आज मला काही झालं तरी उठवू नकोस."