ताईंचा अंगठा

फरशा घासून पॉलिश करणाऱ्या ताई आत्याच्या कचेरीत आल्या आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या.

"माझी डिजिटल नाणी कुणीतरी दुसरीकडे वळवली. पॉलिशचं मशीन घेणार होते त्यातून. ते गेलं तर गेलं. पण घरात सगळी बोटं सुनेकडे वळलीत. माझा लेक बोलत नाही तिच्याशी. आज ती माहेरी निघालीय. चोर ठरून जाऊ नये, एवढंच बघा."

आत्या पेशाने गुप्तहेर. शेजारी बसलेला तिचा भाचा वकील. कायद्यात हुशार, बाकी आनंद.

ताईंनी आकडे दाबून फोन उघडून दिला.

"अंगठा नाही लावत?"

"दगड घासून घासून रेघाच उरल्या नाहीत. मेला ओळखतच नाही मला."

फोनमध्ये मात्र एक अंगठा नोंदलेला होता. नाणी वळवल्याची नोंदही होती: अंगठ्याने मंजूर.

"फोन सुरू करून कुणी दिला?"

"धाकट्या भावाने. नाणीही त्यानेच घ्यायला लावली."

आत्याने फोन भाच्यापुढे धरला. "काही दिसतंय?"

"चोरी झालेली दिसतेय."

"चल, ऊठ."

ताईंच्या घरात शिरताच वकील सुखावला. भिंतीवर त्याचा लेख चिकटवलेला होता, फोटोसकट: 'डिजिटल नाणं म्हणजे शेअर नव्हे, त्याला शेअरबाजाराचा कायदा नको.'

सून पिशवी भरून दारात उभी होती. "आकडे मला ठाऊक आहेत," ती म्हणाली. "विजेचं बिल मीच भरते. लपवू कशाला?"

वकिलाने आत्याकडे सूचक पाहिलं. आत्याने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

ताईंचा धाकटा भाऊही तिथेच होता, गोडबोल्या. "घरातलंच माणूस असं करेल वाटलं नव्हतं हो. नाणं चांगलं होतं. ताईने नुसते पैसे घालायचे, राबायचं नाणं काढणाऱ्या कंपनीने. वाढलं की नफा."

"आज भाव काय आहे?" आत्याने ताईंचा फोन पुढे केला.

"दाखवतो की," म्हणत त्याने बोलता बोलता फोन उघडला.

वकिलाला उमगायला वेळ लागला. भावाने आकडे दाबलेच नव्हते.

"सुनेला आकडे ठाऊक," आत्या म्हणाली, "पण नाणी गेली अंगठ्याने. फोनला अंगठा एकच माहीत, आणि ताईंचा तर लागतच नाही. फोन सुरू करताना त्यांचा उमटेना, म्हणून तुम्ही आपला टेकवलात. सवयीने आत्ताही तोच टेकवला."

भावाने फोन ताईंच्या हातात परत दिला. "भाव पडत होता. ताईचं वाचावं म्हणून नाणी कंपनीकडे विकायला पाठवली. पैसे यायच्या आत कंपनीनेच गाशा गुंडाळला. मीच गळ्यात मारलेली वस्तू. कोणत्या तोंडाने सांगू?"

"आणि हिच्यावर आळ आला तेव्हा?" आत्याने विचारलं.

ताईंनी सुनेच्या पिशवीला हात घातला. सुनेने पिशवी सोडली, पण लगेच नाही.

"वकिला," आत्या हळूच म्हणाली, "पैसे एकाचे, राबणार दुसरा, आशा नफ्याची. याला काय म्हणतात रे?"

"शेअरच," तो पुटपुटला. "तसं मानलं असतं, तर कंपनीला आधी हिशेब द्यावा लागला असता. दाद मागायला एक दार असतं."

"साहेबांचा लेख वाचूनच मला धीर आला होता," भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच वाईट.

ताईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग वकिलाकडे. चेहऱ्यावर राग नव्हता, अजून विश्वासच होता.

"मग साहेब, आता तक्रार कुठे करायची? तुम्हाला तर ठाऊक असेल."

वकील त्यांच्या गुळगुळीत अंगठ्याकडे पाहत राहिला.