मागून आलेलं उत्तर

कप्तानाने दोन्ही सायकलींच्या चाकांत हवा भरली, अंगठ्याने टायर दाबून पाहिले आणि समाधानाने मान डोलावली. कप्तान हे नुसतं टोपणनाव; त्याचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. रोज शेकडो माणसं त्याने तपासलेल्या दोरावर लटकून वर-खाली जायची आणि त्यांच्यापैकी कुणाच्याही मनाला शंका शिवत नसे. कप्तानाच्या मनाला तर नाहीच नाही. स्वतःवर विश्वास हा त्याचा स्वभाव होता. बायकोच्या मते आजार.

नदीकाठच्या त्या घाटात तो चौदा वर्षं सायकल चालवत होता. एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला गुडघ्याएवढा दगडी कठडा, आणि कठड्यापलीकडे खोल खाली नदी. दरी इतकी चिंचोळी की तळाला ऊन दुपारी तासभर काय ते पोचायचं. धरणापर्यंत बत्तीस किलोमीटर चढ आणि परतताना उतारावर एकोणीस वळणं. ती त्याला घरच्या जिन्यासारखी पाठ होती.

"ताई, अजून विचार कर. चढून जाऊ आणि टेम्पोतून उतरू."

"टेम्पोत बसायला वर्षभर गुडघे फोडून घेतले का मी?" हेल्मेटचा पट्टा आवळत ताई म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि एकदा उत्तर काढलं की खोडायची नाही. "तू पुढे, मी मागे. त्या दिवशी होतं तसंच. मला बघायचाय तो रस्ता."

त्या दिवशी मागे दाजी होते. ताईचे यजमान.

दाजी रेल्वेत सिग्नलवर होते. आडव्या अंगाचे, गडगडाटी हसणारे. गुडघ्यांना निलगिरीचं तेल चोळल्याशिवाय ते सायकलवर बसत नसत. सायकल तर अशी पुरातन, की पाय थांबवले रे थांबवले की मागच्या चाकाची टिकटिक सगळ्या दरीत घुमायची. कप्तान दुरुस्त करून देतो म्हणाला तर ते हसायचे. "असू दे रे. मी मागे आहे हे तुला कळायला नको?"

नोकरीतला एक नियम त्यांनी सायकलवरही आणला होता. पुढच्याला रस्त्यात खड्डा, दगड, काहीही दिसलं की त्याने त्या बाजूचा हात पाठीमागे नेऊन बोट दाखवायचं. मागच्याने "दिसलं" म्हणून ओरडायचं. "सांगितलं आणि ऐकलं, दोन्ही झालं तरच सिग्नल," असं ते म्हणायचे, आणि त्या बाबतीत थट्टा खपवून घेत नसत.

गेल्या वर्षी उतरताना अकराव्या वळणावर कड्यावरची बारीक खडी रस्त्यावर आली होती. दाजी त्या खडीवर घसरले ते कठड्यावरून थेट खाली. चौथ्या दिवशी नदीने त्यांना परत दिलं.

कप्तानाने सगळ्यांना एकच सांगितलं. पोलिसांना, आईला, ताईला. मी हात केला होता, दाजी 'दिसलं' म्हणाले होते. ताईने ते ऐकलं आणि तेव्हापासून ती नवऱ्याच्या फोटोशी भांडत आली. दिसलं होतं ना तुम्हाला? मग सावकाश यायला काय धाड भरली होती?

खरी गोष्ट अशी, की कप्तानाने हात केलाच नव्हता. त्या दिवशी त्याचा उतार आजवरच्या सगळ्यात कमी वेळात होत होता. हात ब्रेकवरून काढला असता तर दोन-चार सेकंद गेले असते. दाजींना दिसेलच की, असं वाटलं होतं त्याला. हे त्याने जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हता. आज ताईला सुखरूप खाली आणायची, की विषय संपला, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

ताई चढली मात्र झकास. जाताना कप्तानाने अकरावं वळण मुद्दाम निरखून पाहिलं. रस्ता झाडून ठेवल्यासारखा स्वच्छ होता. धरणाच्या भिंतीपाशी दोघांनी पाणी पिऊन घेतलं आणि दोनच्या सुमाराला ते उतरायला लागले.

या दरीत दुपारी वारा नेहमी खालून वर वाहतो, आणि त्या दिवशी तो कप्तानाच्या तोंडावर थपडा मारत होता. पहिल्या वळणावर खड्डा आला. त्याने हात केला.

"दिसलं!" मागून ताई.

तिसऱ्या वळणावर कड्यातून पाझरलेलं पाणी रस्त्यावर पसरलं होतं. कप्तान हात उचलणार, एवढ्यात मागून आवाज आला, "दिसलं!"

नजर तेज आहे म्हातारीची, कप्तानाला गंमत वाटली.

पाचव्या वळणावर "दिसलं!" आधी आलं आणि दगड त्यानंतर. कप्तान वळला तेव्हा कुठे तो दगड त्याला दिसला.

"अगं, मी हात केलाच नाही अजून!"

"केलास की!" ताई ओरडली. मग जरा वेळाने, "वारा सांगत होतास तो कुठाय रे? मला तर झुळूकसुद्धा लागत नाहीये."

सायकलवर पुढच्याच्या पाठीचा मागच्याला आडोसा मिळतो हे खरं. पण कप्तानाची पाठ ती केवढी! काडी पैलवान म्हणायचे त्याला सगळे. त्याच्या आडोशाला मेणबत्तीसुद्धा टिकली नसती.

त्याने दोन्ही हात ब्रेकवर घट्ट रोवले. हलवायचेच नाहीत असं ठरवलं. सातव्या वळणावर "दिसलं!" आठव्यावर "दिसलं!" आणि नवव्या वळणावर त्याने पाय थांबवले, तेव्हा वाऱ्याच्या आवाजाखालून ती टिकटिक ऐकू आली.

त्याच्या चाकाचा आवाज होत नसे. ताईच्याही नाही, ते चाक त्याने स्वतः बसवलं होतं. टिकटिक मधून येत होती. दोघांच्या मधून... अगदी त्याच्या पाठीमागून. आणि तिच्याबरोबर निलगिरीचा वास. समोरून एवढा वारा सुटलेला असताना, मागून.

मागे वळून बघायचं त्याचं धाडस झालं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो घाबरला होता, आणि ते त्याला स्वतःलाच कळत नव्हतं. ताई मागे पडू नये म्हणून वेग कमी केलाय, असं तो मनाला सांगत होता.

अकरावं वळण आलं. आणि जाताना स्वच्छ असलेल्या रस्त्यावर खडी होती. बारीक, पांढरी, थेट कठड्यापर्यंत पसरलेली.

"ताई!" तो ओरडला. ताई मागे आहे, येतेय, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याने हात ब्रेकवरून काढला आणि पाठीमागे नेऊन बोट दाखवलं. सायकल डगमगली. दाजी, तुमच्या पाया पडतो, हिला जाऊ द्या...

त्याच्या कानाशी, जड आवाजात, सावकाश कुणीतरी म्हणालं, "दिसलं."

आणि त्याच्या बऱ्याच मागून ताई ओरडली, "दिसलं!"

वळण पार होताच तो थांबला. सायकल तशीच आडवी टाकून रस्त्यावर बसला. ताई खडीच्या कडेकडेने आली आणि उतरली.

"तुझे हात ब्रेकवर होते," ती म्हणाली. "पाचव्या वळणापासून थेट इथवर. मी बघत होते."

"मग 'दिसलं, दिसलं' का ओरडत होतीस?"

"तरी एक हात मागे येऊन बोट दाखवताना दिसत होता म्हणून."

तेव्हा कप्तान ढसाढसा रडला, आणि वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं बोलून गेला. ते सेकंद, न केलेला हात, रचून सांगितलेलं 'दिसलं'. ताई कठड्यापाशी जाऊन खाली नदीकडे बघत उभी राहिली.

"वर्षभर मी त्यांच्याशी भांडले," अखेर ती म्हणाली. "वर्षभर. आणि ते बिचारे ऐकून घेत होते." तिने सायकलवर टांग टाकली. "आता पुढे मी. तू मागून ये."

उरलेली आठ वळणं. ताई पुढे सुटली, कप्तान मागे. आणि एकाएकी वारा पडला. म्हणजे कड्यावरची झुडपं वाकत होती, ताईचं जाकीट फडफडत होतं; फक्त त्याच्या अंगाला वारा लागत नव्हता. टिकटिक आता पुढे होती. हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. तिथे काहीच नव्हतं.

त्याने ताईच्या हातांवर डोळे लावले. तिने हात केला की पुरे. पण तिचे दोन्ही हात हँडलवरच होते. तेराव्या वळणावर त्याचं चाक दगडावर आदळलं, तो सरकत कठड्याला जाऊन घासला आणि कोपर सोलून निघालं. हात झाला नव्हता. पंधराव्या वळणावर खड्डा. हात नाही. सतराव्या वळणावर तो कसा वाचला हे त्याला सांगता आलं नसतं. ताई सूड घेतेय असंच त्याला वाटलं, आणि तिचा राग करायचीही त्याला सोय नव्हती.

पुलापाशी ताई थांबली. तिचे डोळे लाल होते, पण चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता.

"तू एकदाही हात केला नाहीस," कोपराचं रक्त पुसत तो म्हणाला.

"वेडा आहेस का? नऊ वेळा केला. मोजलेत मी. नऊच्या नऊ वेळा 'दिसलं' म्हणालास."

अकराव्या वळणावरून निघाल्यापासून पुलापर्यंत कप्तानाने तोंड उघडलं नव्हतं.

"आवाज मात्र फार जड येत होता तुझा," ताई म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मग त्याच्या मागे, रिकाम्या रस्त्याकडे.

"पुढच्या रविवारी परत येऊ," ती हळूच म्हणाली. "मागे तूच राहायचं."

दोन्ही सायकली उभ्या होत्या. शेवटच्या वळणावर मागे पडलेली टिकटिक मंद होत होत उतारावरून खाली आली, आणि कप्तानाच्या अगदी मागे येऊन थांबली.