धान्याच्या भावांनंतर

लार्क हिलच्या आसपास ज्याच्या ज्याच्या घरी रेडिओ होता, त्याच्याकडे तो ‘होमस्टेड’च होता. कॅनडातल्या सॅस्कॅचेवानच्या त्या माळरानावर दुकान म्हणजे टपालाने येणारा जाडजूड कॅटलॉग, आणि त्या कॅटलॉगात परवडण्यासारखा रेडिओ हा एवढाच. त्यावर नाव कॅटलॉगवाल्यांनी आपलं घातलेलं. खरा तो कुठल्या कारखान्यात, कोणाच्या हातून बनायचा, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. तपकिरी लाकडी पेटी, गोल खांदे, मधोमध पिवळी काच. सगळे एका माळेचे मणी. उजवीकडचं बटण सैल व्हायचं, तेही सगळ्यांचं सारखंच.

हाल्वोर स्ट्रँडच्या स्वयंपाकघरातला होमस्टेड त्याच्या बायकोने, रागनाने, लोणी आणि अंडी विकून मागवला होता. म्हणून त्याच्यावर हुकूमही तिचाच चालायचा. वीज त्या बाजूला यायला अजून पुष्कळ वर्षं होती. फडताळातला तो रेडिओ चालायचा बॅटरीवर, आणि ती उतरली की पुन्हा कॅटलॉगची वाट बघायची. तेव्हा दुपारी बातम्या आणि धान्याचे भाव, शनिवारी थोडं फिडल, एवढंच. गाणं संपायच्या आतच रागना बटण फिरवायची.

“अगं, शेवट तरी ऐकू दे,” हाल्वोर कुरकुरायचा.

“शेवट काय असतो? एक तर लग्न करतात, नाही तर मरतात. बॅटरी खातंय ते.”

त्या हिवाळ्यात तिचं अपेंडिक्स फुटलं. शेजारच्या तोर्गेरने आपल्या स्लेजमधून, बर्फावर घसरणाऱ्या घोडागाडीतून, तिला लार्क हिलच्या रेल्वे स्टेशनवर पोचवलं, हाल्वोर तिच्याबरोबर शहरातल्या हॉस्पिटलपर्यंत गेला, आणि मग गुराढोरांसाठी त्याला एकट्याला परतावं लागलं. टेलिफोन कोणाकडेच नव्हता. पण शहरातलं रेडिओ स्टेशन दुपारी धान्याचे भाव सांगून झाले की दूरदूरच्या घरांसाठी हॉस्पिटलचे निरोप वाचून दाखवायचं. अमक्याला मुलगा झाला, तमक्याच्या पायाचं प्लास्टर काढलं. सगळा मुलूख जेवता जेवता सगळ्यांची दुखणी ऐकायचा आणि त्यात कोणाला वावगं वाटत नसे.

“लार्क हिलच्या हाल्वोर स्ट्रँडसाठी,” बार्लीचा भाव सांगणारा तोच कोरडा आवाज पहिल्या दिवशी म्हणाला. “रागनाचं ऑपरेशन झालं. ताप आहे, पण ती बोलते आहे.”

हाल्वोरच्या जिवात जीव आला. तासाभरात तोर्गेरची बायको गुनिल्दाकाकू लेफ्सेची, बटाट्याच्या पातळ पोळ्यांची, चवड घेऊन दारात हजर.

“ऐकलं रे! बोलतेय म्हणे. म्हणजे बरी होणार बघ. रागना गप्प बसली असती तर मी घाबरले असते.”

“उशीर लागेल म्हणतात.”

“लागू दे. तू मात्र रोज जेव. तुझ्या तोंडाकडे बघवत नाही. आणि बोल जरा कोणाशी. भिंतीशी बोल, पण बोल.”

हाल्वोर मुळात तोंड शिवलेला माणूस. घरात बोलायचं खातं रागनाकडे होतं. ती गेल्यावर घर त्याला खायला उठलं. रोज दुपारी तो आवाज म्हणायचा, “रागनाला बरी झोप लागली,” आणि कोणी निरोप सांगितला तर उत्तर द्यायची रीत असते, म्हणून एके दिवशी हाल्वोर रेडिओला म्हणाला, “बरं झालं. इकडे सगळं ठीक आहे.” म्हटल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. तरी दुसऱ्या दिवशी तो दोन वाक्यं जास्त बोलला.

मग सवयच लागली. निरोप झाला की हाल्वोर हातात कॉफीची बशी धरून दिवसाचा सगळा हिशोब सांगायचा. वासराला नाव ठेवलं, बेलो. खीर करपली. दिव्याची काच तडकली, माझ्याच हातून. पंप गोठला होता, पण मी तो दुरुस्त केला, काळजी करू नकोस. हे शेवटचं खोटं होतं. पंप तसाच पडला होता आणि तो बर्फ वितळवून पाणी भरत होता. पण आजारी माणसाला असलं कशाला सांगायचं? सांगून झालं की तो स्वतःच बटण फिरवायचा. “पुरे. बॅटरी खातंय.”

मग वादळ आलं. खिडक्या पांढऱ्या झाल्या, कोठीपर्यंत जायला दोर बांधावा लागला. रेल्वेचा रूळ गाडला गेला, टपाल बंद. रेडिओ मात्र चालू होता. दुपारी तो आवाज म्हणाला, “लार्क हिलच्या हाल्वोर स्ट्रँडसाठी. रागनाचा ताप उतरला. तांबडी कोंबडी गेली याचं तिला वाईट वाटतं.”

हाल्वोरने बशी खाली ठेवली. तांबडी कोंबडी आदल्या दिवशी गारठून मेली होती. हे त्याने कोणाला सांगितलं होतं? कोणालाच नाही. म्हणजे, एकालाच.

हाल्वोर भोळा नव्हता. त्याने विचार केला. थंडीत कोंबड्या मरतातच आणि रागनाला ते ठाऊक आहे. तांबडी सगळ्यांत म्हातारी, तिचाच नंबर लागणार. बोलाफुलाला गाठ पडली असेल. पुढच्या दिवशी आवाज म्हणाला, रागनाला वासराचं नाव आवडलं.

वारा पडल्यावर गुनिल्दाकाकू स्कीवरून आली. भुवयांवर बर्फ, काखेत पाव.

“जिवंत आहेस ना रे? रागनाचं काही कळायची सोयच राहिली नाही बघ.”

“का?”

“का म्हणजे? रेडिओ स्टेशनचा मनोरा आडवा झालाय की वादळात! पहिल्याच रात्री. आमच्या होमस्टेडवर नुसती खरखर. नीट व्हायला वेळ लागेल, तोर्गेर म्हणतो. तुझ्याकडे काय लागतंय?”

हाल्वोरने फडताळाकडे पाहिलं. “खरखरच,” तो म्हणाला.

त्याने ताकास तूर लागू दिली नाही. का, ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. बोललं की ते थांबेल, अशी भीती वाटली. रागनाची आठवण त्याला इतकी येत होती की तिचा निरोप कुठून येतोय हे विचारायची त्याची हिंमतच झाली नाही. त्याला ती घरी हवी होती. बस्स. दुसरं काही नको होतं.

दुसऱ्या दुपारी त्याने बटण फिरवलं. ना बातम्या, ना भाव. एकदम तोच आवाज, “रागना घरी येते आहे. घ्यायला जाऊ नका. ती येईल.”

तिन्हीसांजेला तो गोठ्यातून परतला तर चिमणीतून दाट धूर निघत होता. स्वयंपाकघरात कॉफीचा वास होता. चुलीपाशी, पाठमोरी, निळा ॲप्रन बांधलेली रागना उभी होती.

“दार लाव,” ती म्हणाली. “सगळी ऊब बाहेर चाललीय.”

हाल्वोर तिला मिठी मारून लहान मुलासारखा रडला. ती ऊबदार होती. थोडी वाळली होती, पण तीच ती, केसांना तोच साबणाचा वास.

“अगं, पण आलीस कशी? गाड्या तर बंद आहेत.”

“आले,” ती हसली. “कोपऱ्यापर्यंत सोडलं मला.”

त्याला वाटलं, तोर्गेरने सोडलं असेल. अंगणात स्लेजच्या खुणा नव्हत्या, पण वारा पुन्हा सुटला होता आणि त्या वाऱ्यात खूण कसली टिकते? तोर्गेरकडे जाऊन विचारावं असं त्याच्या दोनदा मनात आलं. तो गेला नाही.

“मला सगळं ऐकू यायचं,” जेवताना ती म्हणाली. “तुझी करपलेली खीर. बेलो. दिव्याची काच. लग्नानंतर इतक्या वर्षांत तू एवढा बोलला नव्हतास हाल्वोर.”

“तुमच्या वॉर्डात रेडिओ होता?”

“होमस्टेडच,” ती म्हणाली आणि त्याच्या बशीत साखरेचा खडा ठेवला.

ते दिवस हाल्वोरच्या आयुष्यातले सगळ्यांत गोड दिवस होते, हे मान्य करायलाच हवं. ती त्याला बोलायला लावायची. “सांग ना,” म्हणायची, हनुवटीखाली हात घेऊन बसायची, आणि तो सांगायचा, नॉर्वेतल्या आजोबांचं, पहिल्या नांगरटीचं, पोटात साठलेलं काय काय. ऐकताना तिच्या डोळ्यांत भूक असायची, आणि हाल्वोरचं बोलणं असं भुकेने आजवर कोणी ऐकलं नव्हतं. रेडिओ झाकलेलाच राहिला. तिने लावायला सांगितलं नाही, त्यानेही लावला नाही.

छोट्या छोट्या गोष्टी होत्या. चमचे कुठे ठेवतो आपण, असं तिने विचारलं. चमच्यांचा खण तिनेच ठरवलेला. कोठीच्या तिसऱ्या पायरीवर ती अडखळली, जी मोडकी आहे म्हणून तीच ओरडायची. आजारातून उठलेलं माणूस विसरतं, हाल्वोर मनाशी म्हणाला. एका सकाळी ती बादली घेऊन पंपाशी गेली आणि बराच वेळ कोरडा दांडा हलवत राहिली.

“हा तू दुरुस्त केला होतास,” ती म्हणाली. रागाने नाही. तिला खरंच उलगडा होत नव्हता.

 हाल्वोरने तिच्या हातातली बादली घेतली आणि तो पंपाच्या मागे लागला, संध्याकाळपर्यंत. तो सुरू झाल्यावरच त्याला बरं वाटलं.

मग एक दिवस भांडी विसळता विसळता तिने खिडकीतून पॉप्लरच्या झाडांकडे पाहिलं. तिथे बर्फातून एका बुटक्या पांढऱ्या कुंपणाची टोकं वर आली होती. आत जेमतेम पाळण्याएवढी जागा.

“तिथे कोण आहे?” तिने विचारलं.

 त्या कुंपणाबद्दल हाल्वोर आणि रागना कधी बोलत नसत. रागना दर रविवारी एकटी जाऊन यायची, आणि परत आल्यावर तो तिचे बूट पुसून चुलीजवळ ठेवायचा. एवढंच त्यांचं त्याविषयीचं बोलणं. रेडिओपुढे त्याने जगातलं सगळं सांगितलं होतं. हे नाही.

“कोणी नाही,” तो म्हणाला.

तिने मान डोलावली आणि त्याचं खरं मानलं.

ते त्याला सहन झालं नाही. कोठीत जाऊन तो पोत्यावर बसून राहिला. कोणी नाही! बापाने असं म्हणावं, आणि आईने ते ऐकून घ्यावं?

घरात आला तेव्हा जेवायची वेळ झाली होती. रुळावरून गाडी गेल्याची लांब शिट्टी त्याने सकाळी ऐकली होती. त्याने फडताळ उघडलं, रेडिओवरचं फडकं काढलं आणि बटण फिरवलं. ती ताटं मांडत होती. तिने त्याला अडवलं नाही.

गव्हाचा भाव. ओटचा भाव. बार्लीचा भाव. वादळामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी.

“लार्क हिलच्या हाल्वोर स्ट्रँडसाठी. इतके दिवस निरोप देता आला नाही. रागना बरी आहे. आज तिला हॉस्पिटलमधून सोडलं. उद्याच्या गाडीने येते आहे, स्लेज घेऊन या. तिने विचारलंय, सिग्नेच्या कुंपणातला बर्फ काढला का.”

हाल्वोरने बटण बंद केलं.

चुलीवर पाणी उकळत होतं. ती हातात ताट धरून उभी होती. ओठ हलके हलत होते.

“सिग्ने,” ती म्हणाली. मग पुन्हा, आणखी हळू, “सिग्ने.”

तिचे डोळे भरून आले. तिने ताट ठेवलं, कोट घातला, दारामागचं फावडं घेतलं आणि ती पॉप्लरच्या झाडांकडे गेली. हाल्वोर खिडकीतून बघत राहिला. फावडं बाजूला ठेवून तिने कोपऱ्यातला बर्फ हातांनी काढला, हळुवार, जशी रागना काढायची. कुठल्याही आईने काढला असता तसा.

ती परत आली. त्याने तिचे बूट पुसले आणि चुलीजवळ ठेवले.

सकाळी त्याने घोडा जुंपला. ती चुलीत तापवलेल्या विटा फडक्यात गुंडाळून बाहेर घेऊन आली आणि स्लेजच्या तळाशी गवतात नीट ठेवल्या. त्यांवर जाड घोंगडी.

“ह्या तिच्या पायांशी राहू देत,” ती म्हणाली. “टाके ओले असतील अजून. सावकाश हाक.”

 हाल्वोरने लगाम हातात घेतला, पण घोडा हाकला नाही.

“मी परत येईन तेव्हा,” तो म्हणाला, “तू... तू कुठे असशील?”

तिने त्याच्या मफलरची गाठ सारखी केली. हात ऊबदार होता.

“मला कसं कळणार? तू सांगशील तेवढंच मला कळतं, हाल्वोर. सांगून जा.”

वारा नव्हता. लार्क हिलच्या दिशेने गाडीची शिट्टी ऐकू आली, लांबून. तिथे फलाटावर त्याची बायको उतरणार होती, अशक्त, थंडीत, त्याची वाट बघत. तो तिच्यासाठी जीव टाकत होता, आणि काय बोलायला हवं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. ‘कुठेच नाही.’ एवढंच. ते बोलण्यासाठी त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती ऐकत होती. डोळ्यांत तीच भूक.

“घरी,” हाल्वोर म्हणाला.