डावी बाजू कोरडी

सीबे मागे नाही, हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?

एवढंच विचारलं होतं मी. चौघांना एकेकटं गाठून विचारलं, मग चौघांना एकत्र उभं करून विचारलं. दफनाच्या दिवशीसुद्धा विचारलं, पाद्री बोलत असताना, तेव्हा आईने माझी बाही धरून मला मागे ओढलं. उत्तर कुणी दिलं नाही. अजूनही दिलेलं नाही.

तुम्ही पोरं रोज कुरकुरता, की सराव संपल्यावर मी तुम्हाला कालव्याच्या सरळ रस्त्याने का आणत नाही, एवढा वळसा का घालायला लावतो. आज तुमच्या घरची माणसं न्यायला येईपर्यंत वेळ आहे. वाराही सुटलाय. तर ऐका. यातलं अर्धं कोर्नेलच्या बाबतीत घडलं. कोर्नेल तुम्हाला माहीत आहे, फरश्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसतो तो. कधीकाळी तो सायकल चालवायचा, हे सांगितलं तर तुम्हाला पटणार नाही.

तो आणि माझा भाऊ सीबे एकाच वयाचे, एकाच ताकदीचे. वसंतातल्या शर्यतींसाठी मोठ्या संघात आमच्या क्लबमधून एकच जण घेणार होते. दोघांनाही ते ठाऊक होतं. नाताळच्या आधीचा गुरुवार. पाच जण सरावाला गेले, अंधार पडताना परत निघाले. कालव्याच्या रस्त्यावर वारा डावीकडून, समुद्रावरून येतो. मध्ये झाड नाही, घर नाही, नुसती सपाट शेतं. तुम्हाला मी शिकवलंय, असा वारा असला की पुढच्याने डावी कड धरायची, म्हणजे बाकीच्यांना त्याच्या उजवीकडे तिरपं, एकामागे एक आडोशाला बसता येतं. पुढचा दमला की मागचा पुढे येतो. सगळ्यांनी वारा वाटून घ्यायचा. पण पुढचा जर हातभर उजवीकडे सरकला, तर शेवटच्याला रस्ताच उरत नाही. एका बाजूला वारा, दुसऱ्या बाजूला पाणी. याला आपण दार लावणं म्हणतो. शर्यतीत दार लावतात, मीही लावलंय. सरावात लावत नाहीत. हिवाळ्याच्या अंधारात तर नाहीच नाही.

पाच गेले, चार ओदेतच्या कॅफेत आले. वाटाण्याचं सूप प्यायले. सीबे परस्पर घरी गेला असेल, असं प्रत्येकाला वाटलं म्हणे. फोन एकानेही केला नाही. मी तेव्हा भाज्या गोठवतात त्या कारखान्यात पाळीवर होतो. सकाळी त्याला पाण्यातून काढला. वाऱ्याच्या झोताने कालव्यात पडला, असं पोलिसांनी ठरवलं. वाऱ्याला काय विचारणार?

संघातली जागा कोर्नेलला मिळाली.

त्यानंतर मी रोज काम सुटलं की ओदेतकडे जाऊन बसायचो. चौघांपैकी कुणी आला की त्याच्या तोंडाकडे बघायचो. बोलायचो नाही. नुसता बघायचो. एकेक जण यायचा बंद झाला. राहिला कोर्नेल. त्याचा रस्ताच तिथून जायचा.

दोन फेब्रुवारीची रात्र होती. मेणबत्त्यांचा सण. त्या रात्री घरोघरी तवा तापतो, तसा ओदेतनेही तापवला होता. गोड धिरड्यांचा वास सुटला होता. बाहेर ओला बर्फ आडवा येत होता, डाव्या बाजूच्या खिडक्या पांढऱ्या होऊन गेल्या होत्या.

"यार्ने," ओदेत म्हणाली, "बघून बघून कुणी बोलत नसतं रे. खा."

"भूक नाही."

"तुझ्या भुकेला कोण विचारतंय? आज न खाल्लेला वर्षभर रडतो. आणि तू आधीच पुरेसा रडवेला आहेस."

कोपऱ्यात म्हातारा गॅस्टन पत्ते पिसत होता. "मला दे त्याचं," तो म्हणाला. "मी त्याच्या वाटचा हसेन."

तेवढ्यात दार उघडलं आणि कोर्नेल आत आला. अंगावर सरावाचे कपडे, डोक्यावर हेल्मेट तसंच. सायकल बाहेर आडवी टाकलेली. कोर्नेल सायकल कधी आडवी टाकत नाही, बाळासारखी भिंतीला टेकवतो. तो दारातच उभा राहिला.

गॅस्टनने चष्मा वर केला. "काय रे, अर्धाच भिजलास? दुसरा अर्धा घरी ठेवून गेला होतास?"

आम्ही हसलो. मीसुद्धा. मग नीट पाहिलं.

त्याची उजवी बाजू चिखलाने, पाण्याने ओली होती. डावी कोरडी. वारा डावीकडून, बर्फ डावीकडून. डाव्या बाजूला त्याच्या अंगावर बोटभर थर चढायला हवा होता. पण बाही कोरडी, मांडी कोरडी, डावा गालसुद्धा कोरडा. ओदेतने पुढे होऊन त्याच्या बाहीला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"कुणाबरोबर होतास?" तिने विचारलं.

"एकटा."

"मग हे..."

"एकटा होतो," तो म्हणाला. आणि माझ्याकडे बघून खाली बसला.

तो बोलला ते माझ्याशीच, बाकी कुणाकडे त्याने पाहिलं नाही. त्याच्याच शब्दांत सांगतो.

"पंपघर मागे पडलं तेव्हा मला वारा सोसवेना. हँडल धरवत नव्हतं. आणि एकदम थांबला, यार्ने. वारा थांबला नाही. माझ्यापुरता थांबला. कानातला आवाज गेला. दिव्याच्या उजेडात बर्फ आडवा जाताना दिसत होता, पण डावीकडे, माझ्या थोडं पुढे, तो मधेच तुटत होता. जणू तिथे कुणीतरी आहे. मला वाटलं कुणी क्लबमधलंच गाठायला आलंय. 'कोण रे?' म्हटलं. उत्तर नाही. मग चाकांचा आवाज ऐकला. त्या रस्त्याचे काँक्रीटचे तुकडे आहेत ना, सांध्यावर टक-टक होतं. माझं टक-टक व्हायच्या आधी एक टक-टक होत होतं. दर सांध्यावर. आधी त्याचं, मग माझं."

ओदेतने तवा उतरवून ठेवला.

"मी मागे बसून राहिलो. काय करणार? आडोसा होता. आणि मग... तो उजवीकडे सरकायला लागला. हळूहळू. एक वीत. अजून एक वीत. मी सरकलो. काँक्रीट संपलं. गवत. माझ्या उजव्या पायाखाली पाणी दिसत होतं. तो दार लावत होता, यार्ने."

गॅस्टनचे पत्ते थांबले.

"मग?" मी विचारलं.

"मग मी ओरडलो. 'जागा दे!' म्हणून ओरडलो."

"आणि?"

कोर्नेलने हेल्मेटचा पट्टा सोडला.

"आणि काय, कोर्नेल?"

"तोही हेच ओरडला होता," तो म्हणाला. "त्या दिवशी. दोनदा. आम्ही ऐकलं होतं."

मी उठलो ते त्याला मारायलाच. खुर्ची मागे पडली. ओदेतने मला धरलं नाही, एवढंच म्हणाली, "आधी पुरतं ऐक. मग मार."

"त्याने दिली," कोर्नेल म्हणाला. "जागा. मी एकदाच ओरडलो आणि त्याने दिली. सरकला डावीकडे, पार कडेला. आणि मला पुलापर्यंत आणलं. सगळा वारा स्वतःच्या अंगावर घेऊन. पुलाजवळ तो हळू झाला. कोपर हलवलं असणार त्याने, मला दिसलं नाही, पण कळतं ना ते? आता तू ये पुढे. तुझी पाळी."

"आणि तू?"

"मी पळालो."

हे ऐकून मात्र माझा हात खाली आला. मारण्यासारखं समोर काही उरलंच नव्हतं. त्याने आडोसा घेतला होता, पाळी घेतली नव्हती. सीबेला वाऱ्यात टाकून तो दुसऱ्यांदा निघून आला होता. आणि माझा भाऊ पुलाजवळ उभा होता, घरापासून तीन किलोमीटरवर, त्याच वाऱ्यात.

आमचं घर पूल ओलांडून, गावाच्या पुढे, त्याच कालव्याच्या काठी. वारा तिथेही डावीकडूनच.

मी कोट चढवला. ओदेत म्हणाली, "अरे, उद्या जा. उजाडल्यावर जा. कुणाला तरी बरोबर घेऊन..."

"कुणाला?" मी विचारलं.

तिने माझ्या खिशात फडक्यात बांधलेली दोन धिरडी कोंबली.

माझी सायकल कामावर न्यायची जुनी, जड. पुलाच्या पलीकडे गेलो आणि तोंड घराकडे करून उभा राहिलो. दिवा एकच, पुलावरचा, तोही बर्फात पिवळट. कुणी नव्हतं. खरं सांगतो, मला कुणीही दिसलं नाही. थंडीने डोळ्यांतून पाणी येत होतं. मला एकदम माझाच राग आला. कोर्नेलच्या भीतीवर विश्वास ठेवून मी इथे येऊन उभा होतो.

तरी बोललो. "सीबे. चल. बस मागे."

वारा.

मी डावी कड धरली. अगदी कड. उजवीकडे एका माणसाची जागा ठेवली.

निघालो.

मागे बघायचं नसतं. पुढच्याने मागे बघितलं की सायकल वळते, हे मला त्यानेच शिकवलं होतं. मी बघितलं नाही. बर्फ डाव्या कानात भरत होता. डावा डोळा मिटला. हात बधिर. गाव गेलं. शेवटचा दिवा गेला. काँक्रीटचा रस्ता सुरू झाला.

टक-टक.

माझं.

टक-टक...

मी पाय थांबवले. चाकं फिरत राहिली. ऐकलं.

टक-टक. मग, जरा मागून, उजवीकडून... टक-टक.

मी पुन्हा पाय मारायला लागलो. वेग वाढवला नाही. तो बराच वेळ थंडीत होता.

एकदा झोत असा आला, की मी हातभर उजवीकडे फेकला गेलो. मागचा आवाज बंद झाला. एकदम बंद. मी वाट बघितली, तो ओरडेल म्हणून. ओरडला नाही. दोनदा ओरडून झालं होतं त्याचं. मी दात खाऊन सायकल परत डाव्या कडेला नेली.

टक-टक. टक-टक.

मी काही बोललो नाही. तोही नाही. आम्ही दोघं सरावात कधी बोलायचोच नाही, शिव्या सोडल्या तर.

अंगणात शिरलो तेव्हा घरात अंधार होता. आई झोपली होती. पलंगावर. ते मला फार होतं. नाताळपासून महिनाभर ती खिडकीजवळ खुर्ची टाकून, अंगणाकडे तोंड करून बसायची. चार दिवसांपूर्वी डॉक्टरांच्या गोळ्या घेऊन कशीबशी पाठ टेकायला लागली होती. मी सायकल उचलून घरात घेतली, आवाज न करता. डाव्या बाजूचा बर्फ माझ्या अंगावरून पपुद्र्यासारखा निघाला. स्वयंपाकघरात बसून मी ती दोन्ही धिरडी खाल्ली. का ते माहीत नाही. भूक लागली होती.

तासाभराने सिगारेट ओढायला बाहेर आलो. बर्फ थांबला होता. वाराही. चंद्र नव्हता, पण स्वयंपाकघराचा उजेड शेडच्या भिंतीवर पडत होता. विटांची भिंत, समुद्राकडे तोंड असलेली. वाऱ्याने तिच्यावर बर्फ लिंपला होता, वरपासून खालपर्यंत, सारखा पांढरा.

मध्ये सोडून.

मध्ये दोन गोल होते. गोलांच्या मधे तिरप्या पट्ट्या. वर हँडल, डावीकडे वळलेलं. सीट उंच, माझ्या कमरेच्याही वर. सीबे माझ्यापेक्षा उंच होता. त्या आकाराच्या आत बर्फाचा कणही नव्हता. लाल विटा. जणू वादळ चालू असताना तिथे सायकल टेकवलेली होती आणि वादळ थांबल्यावर कुणी उचलून नेली. जमिनीवर माझ्याखेरीज पाऊल नव्हतं.

मी हात लावला. ऊब वगैरे नव्हती. नुसती कोरडी वीट.

किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. मग मला वर खिडकीच्या आतून आईच्या खोकल्याचा आवाज आला, आणि मला दिसलं पुढे काय होणार ते. ती हे बघणार. खाली येणार. खुर्ची आणणार. आणि या भिंतीसमोर बसणार, आज, उद्या, दर हिवाळ्यात, बर्फ पडेल त्या प्रत्येक रात्री. आणि तो तिला सोडून जाऊ शकणार नाही.

मी झाडू घेतला आणि सगळी भिंत झाडली. बर्फ गेला, पण भिंत ओली झाली, काळी. आणि काळ्या भिंतीवर ती कोरडी लाल सायकल आधीपेक्षा जास्त उठून दिसायला लागली.

मी आत जाऊन बादली भरून आणली.

वरची खिडकी उघडली. "कोण आहे?"

"मी आहे, आई. यार्ने."

मग म्हणाली, "एकटाच का रे?"

"एकटाच," मी म्हणालो, आणि बादली भिंतीवर ओतली.