प्लेटवरचा पिवळा ठिपका

कपडे बदलायच्या खोलीत ती शिरली आणि समोरून एक पांढराशुभ्र बोंगा एका पायावर उड्या मारत थेट तिच्याच अंगावर आला.

"अहो, अहो... पाय बाहीत घातलाय तुम्ही!"

"तरीच! म्हटलं, ही विजार इतकी अरुंद कशी?"

डोक्यापासून टाचेपर्यंत झाकलेलं ध्यान. दिसत होते ते फक्त दोन डोळे, आणि तेही हसत होते.

गावातल्या कॉलेजात हा सहा महिन्यांचा कोर्स होता. लस बनवणाऱ्या कारखान्याला माणसं हवी होती, आणि निर्जंतुक खोलीत वावरायचं कसं ते इथे शिकवत. ती आत्याच्या शिलाईच्या दुकानातून आलेली, म्हणून सगळ्यांची 'टेलर'. तो दूध तपासायच्या नोकरीतून आलेला, म्हणून 'डेअरी'.

तिसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांनी एकमेकांना सुटातच पाहिलेलं. त्या दिवशी कॅन्टीन खचाखच भरलेलं. चहा घेऊन ती एका अनोळखी तरुणासमोर बसली.

"कसा चाललाय कोर्स?" त्यानं विचारलं.

"बरा आहे. आमच्यात एक नग आहे. सूट घालतो की सुटाशी कुस्ती खेळतो, तेच कळत नाही."

"अरेरे! दिसायला कसा आहे?"

"कोण जाणे! डोळे मात्र..."

"मात्र काय?"

"बरे आहेत."

त्यानं शांतपणे रुमाल काढून नाकातोंडावर धरला. उरले दोन डोळे. तिला असा ठसका लागला की चहा नाकातून आला.

"नुसते 'बरे'?" डेअरी म्हणाला. "चालतील."

परीक्षा मोठी खाष्ट होती. सूट जमिनीला न टेकवता घालायचा, कशालाही हात लावायचा नाही, मग हातमोज्यांची बोटं जंतू वाढवायच्या प्लेटवर दाबायची. पाच दिवसांत प्लेटवर जंतू उगवले की नापास. तीनदा नापास झालं की घरी. डेअरीच्या दोन प्लेटींवर तर बागच फुलली होती!

मग तिनंच त्याला शिकवायला घेतलं. पायघोळ कापड चुण्या घालून मुठीत कसं धरायचं, ते तिच्या बोटांना पाठच होतं.

"पुन्हा दाखव ना."

"सातव्यांदा?"

"सहाव्यांदा मी कापडाकडे बघतच नव्हतो..."

तिच्या हातातल्या सगळ्या चुण्या सुटल्या.

परीक्षेला दोघं शेजारी उभे होते. सूट त्यानं झकास चढवला. पण टोपीतून केसांची एक बट कपाळावर आली. तिचा शिवणकामातला हात आपसूक पुढे झाला, बट आत सारून मागे आला. मग तिनं बोटं प्लेटवर टेकवली.

पाच दिवसांनी डेअरीची प्लेट साफ होती. टेलरच्या प्लेटवर मात्र टपोरा पिवळा ठिपका!

शिकवणाऱ्या मॅडम चाट पडल्या. "तुझ्या प्लेटवर? कशाला हात लावला होतास?"

तिनं खरं सांगितलं तर त्याचीही परीक्षा रद्द, आणि त्याची तर ही शेवटची संधी.

"माझ्या कपाळाला, मॅडम," मागून आवाज आला. डेअरी उभा होता. कानांपर्यंत लाल. "माझे केस बाहेर आले होते. माझंही पास होणं रद्द करा."

मॅडमनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "चूक दडपणारं माणूस मला लसीच्या जवळपास नको. सांगणारं चालेल. उद्या दोघांची पुन्हा घेते. पण शेवटची!"

दुसऱ्या दिवशी काचेपलीकडे अख्खी बॅच जमली. आत दोघंच. दोघांनी सूट चढवले, बोटं टेकवली, झाकणं लावली. तिनं सुस्कारा सोडला.

"वेडा आहेस तू. नोकरी गेली असती ना!"

"नोकरी दुसरी मिळाली असती." तो अडखळला. "तू... तू कुठून मिळाली असतीस? मला तू आवडतेस. म्हणजे... खूपच. लग्न करशील माझ्याशी?"

मास्कच्या आत तिचे गाल तापले. "प्लेटचं कळू दे आधी," ती पुटपुटली. "पाच दिवसांनी सांगते."

भिंतीवरचा स्पीकर खरखरला. "प्लेटला पाच दिवस लागतात गं," मॅडमचा आवाज आला. "ह्याचं आत्ताच सांगून टाक. माइक चालू आहे आणि पुढची बॅच खोळंबलीय!"

तिनं काचेकडे पाहिलं. वीस तोंडं आ वासून उभी होती. मग तिनं त्या दोन डोळ्यांकडे पाहिलं. आज ते हसत नव्हते, नुसती वाट पाहत होते.

"हो," ती म्हणाली. "हो रे बाबा, हो!"

पाचव्या दिवशी दोन्ही प्लेटी कोऱ्या करकरीत निघाल्या. मॅडमनी दोघांपुढे 'पास' लिहिलं, पेनचं टोपण लावलं आणि डेअरीला विचारलं, "तिच्या आत्याला कोण सांगणार? तू, की मीच फोन करू?"